ओदिलबाईंचा ‘त’

विकलोच्या डोंगरातल्या एका मेंढपाळाला मी कवळी करून दिली आणि त्याचा कुत्रा त्याचं ऐकेनासा झाला. म्हातारा पुढच्या दोन दातांमधल्या फटीतून शिट्टी घालायचा. मी मोठ्या हौसेनं बिनफटीचे, सरळ दात लावले होते. थोड्याच दिवसांत तो परत आला. दात ग्रँड आहेत म्हणाला, बायकोलाही आवडले, पण कुत्रा टेकाडावर उभा राहतो आणि हा कोण परका माणूस शिट्टी मारतोय अशा नजरेनं बघत बसतो. मी निमूटपणे फट करून दिली. कुत्रा परत यायला लागला.

आयर्लंडमधल्या तुमच्या कामाबद्दल लिहा, असं या अंकाच्या संपादकांनी सांगितलं तेव्हा मला आधी हा कुत्राच आठवला. मी मूळची नागपूरची. दातांची डॉक्टर म्हणून इथे आले आणि गेलेल्या दातांच्या जागी नवे बसवण्याचं काम करत राहिले. दवाखाना राजधानीच्या कडेला, सँडीफोर्डला. आजूबाजूला नुसती ऑफिसं. दुपारी आपली पुण्या-मुंबईची मुलं गळ्यात ओळखपत्र अडकवून जेवायला बाहेर पडतात. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलं आणि मी ‘कवळ्या करते’ म्हटलं की ती हसतात. मग उन्हाळ्यात त्यांचे आईवडील इकडे येतात आणि त्याच मुलांचे हळू आवाजात फोन येतात.

कवळी करणं म्हणजे साचा घेतला, दात चिकटवले, असं लोकांना वाटतं. चावता येणं हे त्यातलं सोपं काम. खरी परीक्षा बोलण्याची. जीभ आयुष्यभर आपले दात ओळखत असते. ‘चंद्र’ म्हणताना ती टाळूला जिथे टेकते आणि ‘चाक’ म्हणताना जिथे टेकते, त्या जागा वेगळ्या आहेत, हे आपण कधी शिकलेलो नसतो. जिभेला ते ठाऊक असतं. कवळीत तिच्या वाटेत गुलाबी प्लास्टिकची भिंत उभी राहते. ती भिंत जरा जाड झाली, दात जरा पुढेमागे झाले, की जीभ अडखळते. म्हणून आम्ही दात आधी मेणात बसवतो, पेशंटच्या तोंडात घालून त्याला बोलायला लावतो आणि ठीक वाटलं की मगच पक्कं करतो. बोलायला लावायचं म्हणजे साठपासून सत्तरपर्यंत आकडे म्हणायला लावायचे. त्यात ‘स’ येतो. मग पन्नासच्या घरातले, त्यात ‘फ’. सगळं इंग्रजीत. पुस्तकात तसंच आहे, मी तसंच शिकले, आणि कित्येक वर्षं मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

ओदिलबाई आल्या तोपर्यंत.

नाव मी बदललं आहे, आणि ही हकीकत लिहायची परवानगी त्यांनीच दिली आहे. ‘मी बरी दिसेन असं लिहा’ एवढीच अट घातली. तर बाई सत्तरी ओलांडलेल्या, सडपातळ, पांढरे केस मानेवर आखूड कापलेले. नास नावाच्या गावाजवळ राहायच्या. नवरा फिंटन त्यांना गाडीनं आणायचा आणि खाली गाडीतच रेडिओवर घोड्यांच्या शर्यती ऐकत बसायचा. तो जन्मभर घोड्यांत राहिलेला माणूस. पहिल्या दिवशी वर आला तेव्हा म्हणाला, “घोड्याचे दात बघून वय सांगता येतं मला. आता हिचं वय कुणालाच कळणार नाही.” एवढं बोलून तो खाली गेला.

बाई नटी होत्या. इथल्या लोकांना त्या टीव्हीवरची ‘ती फ्रेंच बाई’ म्हणून माहीत होत्या. खानावळीची मालकीण, मठातली जोगीण, कुणा हेराची विधवा. मालिकेत फ्रेंच उच्चाराचं इंग्रजी बोलणारी वयस्क बाई लागली की यांना बोलावणं. त्या फ्रेंच नव्हत्याच. बेल्जियममधल्या लीएज शहराच्या, तिथेही फ्रेंचच बोलतात. तरुणपणी नाटक शिकायला पॅरिसला गेल्या, तिथल्या रंगभूमीवर नाव झालं, काही चित्रपट झाले. मग एका चित्रपटासाठी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर आल्या. त्या चित्रपटातल्या घोड्यांची व्यवस्था फिंटनकडे होती. चित्रीकरण संपलं, मंडळी परत गेली, बाई राहिल्या.

तो चित्रपट मी मुद्दाम शोधून पाहिला. बाईंचं इंग्रजी निर्मात्याला पसंत पडलं नव्हतं, म्हणून शेवटी दुसऱ्या कुणाचा आवाज त्यांना दिला होता. मला सवयीनं ओठच दिसतात. ‘फ’ म्हणायला वरचे दात खालच्या ओठाला लागावे लागतात, आणि पडद्यावर आवाज एकीकडे, ओठ दुसरीकडे असं चाललं होतं. पुढच्या भेटीत मी हे सांगितलं तेव्हा बाई पोट धरून हसल्या. ते इतक्या वर्षांत फक्त दातांच्या डॉक्टरला दिसलं, म्हणाल्या.

त्यांचे वरचे दात एकेक करून गेले होते. हाड इतकं झिजलं होतं की स्क्रू ठोकून पक्के दात बसवण्यासारखं उरलं नव्हतं. म्हणून साधी पूर्ण कवळी. मोत्यांसारखे दात त्यांना नको होते. पुढचा एक दात किंचित दुसऱ्यावर चढलेला होता, तो तसाच हवा होता. सँट्रीच्या लॅबमध्ये माझे दात घडवणारा डेक्लन खूश झाला. वाकडा दात नैसर्गिक वाटेल असा लावणं हे सरळ लावण्यापेक्षा अवघड, आणि त्याला अवघड काम आवडतं. मेणातली कवळी घालून बाईंनी साठ ते सत्तर म्हटले, स्वच्छ. पन्नासचे म्हटले, स्वच्छ. आम्ही कवळी पक्की केली. फिंटन बघायला वर आला आणि म्हणाला, “झाली की पुन्हा.” पुन्हा काय झाली ते त्यानं सांगितलं नाही, पण बाई लाजल्या.

काही आठवड्यांनी बाई एकट्याच आल्या. आधी बसनं आणि पुढे लुआस ट्रामनं आल्या होत्या, फिंटनला न सांगता. बसल्या आणि पर्स मांडीवर धरली.

मग कळलं ते असं. लीएजच्या मोठ्या थिएटरनं त्यांना एका नव्या नाटकासाठी बोलावलं होतं. त्या शहरात त्या कधीच रंगमंचावर उभ्या राहिल्या नव्हत्या. तिथून निघाल्या तेव्हा त्या नटी झाल्याच नव्हत्या. नदीकाठी भाजीची गाडी लावणाऱ्या एका म्हातारीचं काम, जवळजवळ सगळं नाटक तिच्याच खांद्यावर. दिग्दर्शिका तरुण होती. संगणकावर पहिलं वाचन झालं. बाईंनी पहिला प्रवेश वाचला, आणि दिग्दर्शिकेनं मोठ्या अदबीनं विचारलं की ही म्हातारी इंग्लंडहून आलेली आहे असं तुम्ही योजलंय का.

“मला वाटलं, इतकी वर्षं इंग्रजीत काढली, जीभ बिघडली,” बाई म्हणाल्या. “मग रोज रात्री काढते तशी कवळी काढून ठेवली आणि स्नानघरात तेच वाक्य म्हटलं. बोबडं आलं, पण इंग्लिश नव्हतं. डॉक्टर, तुमचे दात इंग्लिश बोलतात.”

मला आधी हे खरं वाटेना. दात कुठली भाषा बोलत नाहीत. मी त्यांना फ्रेंचमधलं काहीही, अगदी साधं म्हणायला सांगितलं. त्या म्हणाल्या, “तू.” फ्रेंचमध्येही ‘तू’ म्हणजे तूच, उच्चार आपलाच, फक्त ओठ शिट्टीसारखे गोल करून. निदान तो तसा असायला हवा होता. मला ऐकू आलं ते ‘टू’.

आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. इंग्रजांचा तो वर्ण आपल्याला नेहमी ‘ट’ ऐकू येतो, कारण जीभ दातांना न लागता मागे हिरडीच्या उंचवट्याला लागते. फ्रेंच माणसाची जीभ, आपल्यासारखीच, थेट दातांच्या मागे टेकते. त्यांना ‘त’ हवा असतो. आम्ही दातांमागचं प्लास्टिक इंग्रजी आकडे ऐकून जाड-पातळ केलं होतं. इंग्रजीला ते पुरेसं होतं. फ्रेंचमध्ये मात्र बाईंची जीभ दातांपाशी पोचायच्या आधीच त्या जाडीवर आपटत होती. हे कानाला इतकं उघड होतं, की मी त्यांना ‘त’ आणि ‘ट’ दोन्ही म्हणून दाखवले आणि आमच्या भाषेत ही दोन वेगळी अक्षरं आहेत असं सांगितलं. बाईंनी ते माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं, तोंडाजवळ तोंड आणून, एखादं लहान मूल बघतं तसं बघत.

तालमी सुरू व्हायला फार अवकाश नव्हता. जमलं नाही तर काम सोडते असं थिएटरला कळवावं लागेल, म्हणाल्या. कारण दुसरं काहीतरी सांगेन. कवळीचं सांगणार नाही.

जीभ नेमकी कुठे टेकते हे पाहायची आमची एक साधी युक्ती आहे. कवळीच्या आतल्या बाजूला पांढरी भुकटी लावायची, तोंडात घालून एखादा शब्द बोलायला लावायचा आणि लगेच काढायची. जीभ जिथे लागली तिथली भुकटी पुसलेली असते. मी भुकटी लावली, बाई बोलल्या, मी बघितलं. पुन्हा लावली. दर वेळी खूण वेगळ्या जागी. तेच वाक्य, तीच बाई, आणि जीभ दर वेळी दुसरीकडे. असा पेशंट मी पाहिला नव्हता. मग लक्षात आलं की त्या दर वेळी वाक्य सुधारून म्हणत आहेत. नटीच त्या, कवळीची अडचण ओळखून जीभ वळवून घेत होत्या.

मी म्हटलं, “अभिनय करू नका. नुसतं बोला.”

“नुसतं म्हणजे काय बोलू?” त्यांनी खरोखरच विचारलं. फिंटनशी त्या इंग्रजीत बोलत, मुलंबाळं नव्हती, आणि फ्रेंच तोंडात यायचं ते बहुतेक कुणीतरी लिहून दिलेलं.

मला आईच्या स्वयंपाकघराशिवाय काही सुचलं नाही. मी म्हटलं, गॅसवर दूध ठेवलंय, तुम्ही फोनवर गप्पा मारताय, आणि दूध उतू गेलं.

बाईंच्या तोंडून एक लांबलचक काहीतरी बाहेर पडलं. स्वर लांब ओढलेले, आवाज एकदम खाली, जवळजवळ पुरुषी. एवढं नक्की कळलं की त्यात दुधाला शिव्या होत्या. मी कवळी काढली. खूण स्पष्ट होती, दातांच्या अगदी मागे, मधोमध.

बाई मात्र हबकल्या होत्या. रुमालानं तोंड झाकून म्हणाल्या, “ही मी नाही. ही मारिएत.”

मारिएत म्हणजे त्यांची थोरली बहीण. ती लीएजमध्येच राहिली, त्याच गल्लीत, जन्मभर एका बेकरीत उभी राहून काम केलं. लीएजचं फ्रेंच पॅरिसच्या लोकांना गावठी वाटतं; आपल्याकडे वऱ्हाडीला पुण्यात हसायचे तसं. मी नागपूरची, मला ते वेगळं समजावून सांगायची गरज पडली नाही. पॅरिसच्या नाट्यशाळेत पहिल्याच वर्षी बाईंना सांगितलं गेलं की या बोलीनं तुला मोलकरणींची कामंच मिळतील. मग दातांत बाटलीचं बूच धरून तासन्‌तास पाठांतर. त्यांनी ती बोली तोंडातून काढून टाकली, जशी आम्ही किडलेली दाढ काढतो, मुळासकट. त्यांचा पॅरिसमधला पहिला मोठा प्रयोग बघायला मारिएत गाडीनं आली होती. प्रयोग संपल्यावर जिन्यात भेटली. छान बोललीस, म्हणाली, पण कोणाशी बोलत होतीस? त्यानंतर ती धाकट्या बहिणीच्या एकाही नाटकाला आली नाही. भांडण नव्हतं. मयतीला भेटायच्या, नाताळला फोन करायच्या, हवामानाबद्दल बोलायच्या.

हे सगळं बाईंनी मला त्या खुर्चीत बसून, वरचे दात नसताना, फसफसत्या इंग्रजीत सांगितलं. मग आरशाकडे न बघता विचारलं, “तर मग डॉक्टर, तुम्ही दात कुठल्या फ्रेंचसाठी करताय?”

मी त्यांना खरं ते सांगितलं. बोली दातांत नसते. मी फक्त जिभेला जागा करून देऊ शकते. तिथे येऊन तिनं काय म्हणायचं ते तिचं ती ठरवेल. बाईंनी रुमालाची घडी घातली. मग म्हणाल्या, “ती भाजीवाली पॅरिसचं का बोलेल?”

पुढचं काम किचकट होतं. दातांमागचं प्लास्टिक घासून पातळ केलं की ‘त’ सापडायचा, पण इंग्रजी ‘स’ शिट्टी मारायचा, मेंढपाळाच्या कुत्र्याला हाक मारल्यासारखा. ‘स’ सुधारावा तर ‘त’ पुन्हा इंग्लंडला. शेवटी दातांची रांगच केसभर हलवायची ठरली, म्हणजे कवळी नव्यानं. डेक्लननं हूं की चूं केलं नाही, फक्त विचारलं की या खेपेला कुठल्या देशाची करायची. मेणातली कवळी बाईंच्या तोंडात घालून आम्ही अर्धा अर्धा दिवस बसायचो. त्या दूध उतू घालवायच्या, बसवाल्याशी भांडायच्या, पावाला बुरशी लागली म्हणून बहिणीसारख्या ओरडायच्या. बाहेर बसलेल्या पेशंटांना काय वाटत असेल कुणास ठाऊक. मला एक अक्षर कळत नव्हतं आणि मी जन्मात इतकं लक्ष देऊन कुणाचं ऐकलं नसेल.

तिकडे दिग्दर्शिका धास्तावली होती. पॅरिसमध्ये गाजलेल्या नटीचं तिला देखणं फ्रेंच हवं होतं, आणि बाई एकदम भाजीबाजाराची बोली घेऊन उभ्या. शहरातली मोठी माणसं तिकिटं काढून येणार, त्यांना ही आपली टिंगल वाटेल, असं तिचं म्हणणं. बाईंनी वाद घातला नाही. हा प्रवेश एकदा ऐका, नाही पटला तर मी परत जाते, एवढंच म्हणाल्या. दिग्दर्शिकेनं ऐकला आणि पुन्हा त्या विषयावर बोलली नाही.

प्रयोगाला मी गेले. पेशंटनं बोलावलं म्हणून परदेशात जाणं माझ्या नोकरीत बसत नाही. मी रजा काढून, स्वतःचं तिकीट काढून गेले. फिंटनच्या शेजारी बसले. त्याला फ्रेंच माझ्याहून फार जास्त येत नव्हतं. नव्या कवळीला कोवळ्या हिरड्यांवर बसून थोडेच दिवस झाले होते. ती सुटली तर, टोचली तर, एवढंच माझ्या डोक्यात चाललं होतं. बाई गाडी ढकलत आल्या आणि पहिलंच वाक्य बोलल्या. सभागृहात एकदम शांतता झाली. आता ती कसली शांतता आहे हे मला कळेना. फिंटननं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. मग मागच्या रांगेत कुणी बाई मोठ्यानं हसली, घरच्या माणसाला ओळखल्यावर हसू येतं तसं. मग सगळं सभागृहच हसलं. त्यानंतर मी दातांचा विचार करायचं विसरले. शेवटच्या प्रवेशात म्हातारी रिकाम्या गाडीवर बसून कुणाशी तरी हळू बोलते, तेव्हा आजूबाजूची माणसं नाक पुसत होती. मी ‘त’ मोजत नव्हते, पण एकही चुकला नाही.

नंतर आम्ही मागच्या बोळात, रंगपटाच्या दाराशी थांबलो. बाई चेहरा पुसून, शाल घेऊन बाहेर आल्या. आमच्याशी बोलायला तोंड उघडलं आणि तशाच उभ्या राहिल्या. बोळाच्या टोकाला एक ठेंगणी, जाड म्हातारी उभी होती, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, हातात छत्री. तिला कुणी आणलं होतं की ती आपणहून आली होती, मला आजही माहीत नाही. ती जवळ आली, बाईंना आपादमस्तक न्याहाळलं आणि काहीतरी म्हणाली, अगदी थोडकं. बाईंनी माझ्याकडे वळून इंग्रजीत सांगितलं, “ती म्हणतेय, मी फार बारीक झालेय.”

त्यानंतर भाषांतर झालं नाही. दोघी बोलायला लागल्या. एकीचं संपायच्या आत दुसरीचं सुरू, मध्येच हात, मध्येच हसणं, मध्येच कुणाच्या तरी नावावर दोघी गप्प, आणि मग पुन्हा. मारिएतच्या तोंडात तिचे स्वतःचे दात होते, बेकरीत आयुष्य काढूनही बहुतेक सगळे. तेवढं मी बघून घेतलं. मग त्यांच्याकडे टक लावून बघणं बरं दिसेना, म्हणून मी पाठ फिरवली आणि भिंतीवरच्या जाहिराती वाचायचं सोंग केलं. कान मात्र तिकडेच. कोण बोलतंय ते ओळखायचा मी प्रयत्न करत होते, आणि मला ते ओळखता येईना.

फिंटन शेजारी टोपी हातात घेऊन उभा होता. मला वाटलं तो कंटाळला असेल, म्हणून विचारलं की आपण पुढे कुठेतरी जाऊन बसू या का. त्यानं नकारार्थी मान हलवली.

“जरा थांबा,” तो हळूच म्हणाला. “लग्न होऊन इतकी वर्षं झाली, ही बाई मी पहिल्यांदाच ऐकतोय.”